क्रूझवरून घरी आल्यावर पहिलं जेवण काय केलंत? आणि बंद घरात काय वाढून ठेवलं होतं?

कुळथाची_पिठी (डोंबिवली)

मुंबई–गोवा–लक्षद्वीप ट्रिपच्या आपल्या मंडळींनो, सगळे सुखरूप पोचलात ना? बॅलार्ड पिअरला उतरल्यापासून पायाखालची जमीन अजून डोलतेय. अंघोळीला उभी राहिले की भिंत धरावी लागते. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवसांत जाईल.

बोटीवर खाण्याची चंगळ होती. पण चौथ्या जेवणाला मला घरच्या भाताची आठवण यायला लागली. उतरल्यावर टॅक्सीतच ठरवलं होतं, घरी जाऊन कुळथाची पिठी टाकायची. दार उघडलं आणि असा भपकारा आला की हे जिन्यातच थांबले. आम्ही नसताना केव्हातरी विजेचा दाब वरखाली होऊन एमसीबी पडला होता आणि फ्रिज बंद. फ्रीझरमध्ये सुरमईच्या तुकड्या, सोललेली कोळंबी, किसून ठेवलेलं खोबरं. खालच्या खणापर्यंत पाणी ओघळलं होतं. सगळं दुहेरी पिशवीत बांधून टाकलं, खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दोनदा पुसून काढला, दाराचं रबर घडी उलगडून जुन्या टूथब्रशने घासलं. वास त्या रबरातच बसतो, हे लक्षात ठेवा.

दोन वाजले होते. घरात भाजी नाही, दूध नाही, नारळ नाही. पण कुळथाचं पीठ, लसूण, कांदा आणि आमसुलं होती. तेलात ठेचलेला लसूण लाल केला, कांदा, तिखट, चार वाट्या पाणी, तीन आमसुलं. तीन मोठे चमचे पीठ गार पाण्यात कालवून उकळीत सोडलं आणि पळी थांबवली नाही. गरम भात, वर पिठी, बाजूला भाजलेला पापड. ह्यांनी तीनदा भात घेतला.

आता तुम्ही सांगा. घरी पोचल्यावर काय झालं आणि काय शिजवलंत?

---

वऱ्हाडी_वांगं (नागपूर)

ताई, आम्ही त्याच रात्री विदर्भ एक्सप्रेसने निघालो आणि सकाळी घरी. दार उघडलं तर गॅसचा वास. आई मागून दिवा लावायला निघाली होती, मी तिचा हात धरला. बटणाला हात लावायचा नाही, पंखासुद्धा नाही. खिडक्या-दारं उघडली, रेग्युलेटर बंद केला, सिलिंडर मागच्या गच्चीत नेला, बाहेर अंगणात येऊन १९०६ ला फोन लावला. गळतीसाठी हा नंबर देशभर चालतो, मोबाइलमध्ये साठवून ठेवा सगळ्यांनी. माणूस आला, पाहिलं, तर नळी उंदराने कुरतडलेली. साधी रबरी नळी होती. आतून तारेची जाळी असलेली केशरी नळी बसवून घेतली. तिची मुदत पाच वर्षं असते आणि तारीख नळीवरच छापलेली असते. निघताना रेग्युलेटरची कळ बंद केली की नळी फाटली तरी गॅस बाहेर यायचा नाही.

तोवर अकरा वाजले आणि आईला गोळाभात खायचा होता. बोटीवर रोज तेच म्हणे, "हे सगळं ठीक आहे बा, पण गोळाभात कुठाय?" इंडक्शनवर केला. वाटीभर तांदूळ, वाटीभर चण्याच्या डाळीचा भरडा. बेसन चालत नाही, गोळे चिकट होतात. भरड्यात तीन चमचे कडकडीत तेल, तिखट, हळद, हिंग, ओवा, मीठ, जेमतेम पाणी. भाताचं पाणी आटत आलं की मुठीने वळलेले गोळे भातात खुपसायचे, झाकण, मंद आच, बारा मिनिटं. ताटात गोळा फोडून भातात कालवायचा आणि वर मोहरी, हिंग, सुक्या मिरच्यांची तेलाची फोडणी. तेल हात आखडून घालायचं नाही, भरडा कोरडा असतो, घशात अडकतो.

आई जेवली आणि तिथेच चटईवर झोपली. प्रवासभर तिला झोप नव्हती.

---

मांडवीकार (पणजी)

कुळथाची_पिठी ताई, मासळी टाकलीत हे फार बरं केलंत. पुष्कळ जण पुन्हा गोठलेली बघून खातात. वीज मध्येच परत आली तर सगळं पुन्हा दगडासारखं होतं आणि आत काय होऊन गेलंय ते कळत नाही. आमच्याकडे एक युक्ती करतात. निघायच्या आदल्या दिवशी वाटीभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवायचं आणि त्या बर्फावर रुपयाचं नाणं ठेवायचं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर मासळी खा. तळाला गेलं असेल तर बर्फ पूर्ण वितळून पुन्हा झालाय, सगळं टाका. भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एकच दिवस. आणि शक्य असेल तर फ्रिजला वेगळा एमसीबी घ्या. मग बाकी घर बंद करून जाता येतं.

माझं घर ठीक होतं. शेजारी किल्ली असते, तो झाडांना पाणी घालतो. फक्त नहाणीतून वास येत होता, एक-दोन झुरळं पण. खालच्या ट्रॅपमधलं पाणी आटलं की गटाराची हवा वर येते. तांब्याभर पाणी ओतलं की थांबतं.

आणि जेवण म्हणाल तर पेज. उकड्या तांदळाची. मुरगावला बोट लागली तेव्हाच मी घरी जाऊन पेज पिऊन येणार होतो, बायकोने सोडलं नाही. वाटीला आठ वाट्या पाणी, दाणा फुटेपर्यंत शिजू द्यायची, तासभर तरी जातो. निवळ वर येते ती आधी प्यायची. सोबत खारातली तोरं (मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या छोट्या कैऱ्या) आणि किसमूर. सुके गलमो (सुकट) मंद भाजून, चुरून, ओलं खोबरं, कांदा, चिंचेचा कोळ, मिरची, आणि हे सगळं अगदी खाताना कालवायचं. आधी कालवलं तर सुकट मऊ पडते आणि सगळी मजा गेली.

---

गिरणाकाठ (जळगाव)

आमच्या इथे वरची टाकी वाहत होती. पाण्याचा फ्लोट अडकला आणि म्युनिसिपाल्टीचं पाणी सोडलेल्या दिवशी दोन तास नुसतं जिन्यावरून ओघळत राहिलं. शेजारच्या काकूंनी वॉल बंद केला, नाहीतर मीटरच्या पेटीत पाणी गेलं असतं. इथे आठवड्यातून ठरलेल्याच दिवशी पाणी येतं, त्यामुळे वाया गेलेलं पाणी बघून जीव तुटतो.

पहिलं जेवण कळण्याची भाकरी. ज्वारी आणि अख्खे काळे उडीद, थोडं मीठ घालून दळलेलं. पीठ मळलं की हाताला चिकटपणा जाणवतो, त्यामुळे ती ज्वारीच्या भाकरीसारखी चिरत नाही, थापायला सोपी जाते. तव्यावरून उतरवली की मधोमध दाबून खळगा करायचा आणि त्यात शेंगदाण्याचं कच्चं तेल आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. बाजूला कांदा बुक्कीने फोडलेला.

संध्याकाळी आमची तुरीच्या डाळीची खिचडी. वऱ्हाडी दादा, तुमचा गोळाभात मी नागपूरला खाल्लाय, छान असतो. पण दमून आल्यावर गोळे वळायचं त्राण कुणाकडे असतं? खिचडीला भांडं एक आणि काम एकच. वर लसणाची जळती फोडणी आणि भाजलेले बिबडे (ज्वारीचे पापड).

---

वऱ्हाडी_वांगं (नागपूर)

दादा, गोळे वळायला पाच मिनिटं लागतात. जळगावला येतो तेव्हा करून घालतो.

---

आबा_देवगडकर (देवगड)

तुम्हा मुलांचं वाचून खूप बरं वाटलं. मी तुमच्यासोबत आलो ते एकाच कारणाने. लहानपणी आम्ही मुंबईहून देवगडला आगबोटीने यायचो आणि तो समुद्र पुन्हा एकदा बघायचा होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही त्या बोटींची नावं आजही माझ्या तोंडात आहेत. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटायची, दुसऱ्या दिवशी पणजीला. मध्ये रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं. डेकवर जागा धरायला वडील पुढे धावायचे आणि सतरंजी अंथरायचे. ती सतरंजी म्हणजे आमचं घर. पावसाळ्यात बोट बंद, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी परतीला ही गर्दी.

देवगडला बोट धक्क्याला लागत नसे. लांब उभी राहायची आणि पडाव यायचे. शिडीवरून पडावात उतरताना लाट खाली गेली की मध्ये हातभर अंतर पडायचं. खलाशी लहान पोरांना झेलून घ्यायचे, अगदी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या. परवा अगत्तीला आपल्याला छोट्या बोटीत उतरवलं तेव्हा तोच धक्का पायाला लागला. त्या खलाशाने माझं मनगट ज्या पद्धतीने धरलं ना, बोटं नव्हेत, मनगट, ती पकड मला ओळखीची होती. मी दोन मिनिटं काही बोललो नाही, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल.

बरोबर खायला काय असायचं? आई दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या करायची, त्या दोन दिवस टिकत. सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी, आणि ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी आलेपाक आणि आमसुलं. आई सांगायची, पोटात मळमळलं तर खाली बघायचं नाही, लांब जिथे आकाश आणि पाणी भेटतं तिथे नजर लावायची, आणि बोटीच्या मध्यावर बसायचं, टोकाला नाही. परवा त्या पुण्याच्या मुलीला मी हेच सांगितलं, तिला आराम पडला.

घरी पोचल्यावर आजी आटवल द्यायची. नव्या तांदळाचा सैल भात, मीठ, वर घरचं तूप. परवा सूनबाईने तेच केलं, न सांगता. बाकी घरात सगळं ठीक, फक्त माकडांनी कौलं सरकवली होती, ती नीट करून घेतली.

---

कुळथाची_पिठी (डोंबिवली)

आबा, माझे वडील मालवणच्या पडावाच्या अशाच गोष्टी सांगायचे. तुम्ही अगत्तीला गप्प झालात ते मी पाहिलं होतं, पण विचारायचं धाडस झालं नाही. हे लिहिलंत, फार आभार. अजून आठवेल ते लिहा. त्या बोटींवर चढलेली माणसं आता कमी उरलीत आणि आमच्या पिढीला हे कुणीतरी सांगायलाच हवं.

---

शेंगाचटणी (सोलापूर)

आमच्याकडचं ऐका, म्हणजे सगळ्यांनी आज आपापला कुकर उघडून बघाल.

घरी आलो त्या संध्याकाळी जाऊबाईंनी आमच्यासाठी तुरीची डाळ लावली. जुना कुकर, चांगला दणकट. शिटी होत नव्हती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, आणि झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. आवाज असा की खालच्या दुकानातले लोक वर आले. डाळ छताला, पंख्याला, देवघराच्या पडद्याला. देवाची कृपा की त्या वेळी ओट्याजवळ कुणी नव्हतं.

नंतर दुरुस्तीवाल्याने झाकण उजेडात धरून दाखवलं. शिटीखालची नळी डाळीच्या सालांनी गच्च भरली होती, पलीकडचा उजेड दिसेना. तुरीची डाळ उकळताना फेस वर येतो, फेसाबरोबर सालं जातात आणि नळीत बसतात. म्हणून डाळ शिजवताना कुकर पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरायचा नाही, थेंबभर तेल घालायचं म्हणजे फेस बसतो, आणि दर वेळी शिटी बसवण्याआधी नळीतून फुंकर मारून बघायची. सेफ्टी व्हॉल्व्ह कंपनीचाच घ्या. बाजारात स्वस्त मिळतो त्यातला धातू ठरलेल्या उष्णतेला वितळेलच याचा भरवसा नाही. आमचा व्हॉल्व्ह उडाला म्हणून झाकण जागेवर राहिलं. तो उडायलाच असतो.

आणि भांडं करपलं असेल तर स्टीलला पाणी आणि खायचा सोडा घालून उकळा, लाकडी उलथन्याने सुटतं. अॅल्युमिनियमला सोडा लावू नका, काळं पडतं. त्याला चिंचेचं पाणी.

त्या रात्री डाळ नव्हतीच, मग कडक भाकरी मोडून ताकात भिजवली आणि वर शेंगाचटणी. आमची चटणी उखळात कुटलेली असते, मिक्सरमध्ये फिरवली की पावडर होते. कुटताना शेंगदाण्याला तेल सुटतं, लसूण आणि तिखट त्या तेलात मुरतात, चिमटीत धरली तर तिचा गोळा होतो. छताकडे बघत बघत सगळे पोटभर जेवलो. जाऊबाई घाबरल्या होत्या, त्यांना आधी जेवायला बसवलं.

---

जर्सीची_मावशी (न्यू जर्सी)

मी तुमच्या ट्रिपला नव्हते, पण कुळथाची_पिठी माझी मामेबहीण, तिने वाचायला सांगितलं. आम्ही जानेवारीत बेयॉनहून कॅरिबियनला गेलो होतो. इथून थंडीत निघायचं आणि दोन दिवसांत उन्हात, त्यामुळे इथले पुष्कळ मराठी लोक हीच ट्रिप करतात.

केबिनमध्ये कुकर, किटली, इस्त्री काहीच चालत नाही, आगीची भीती असते, सामान तपासताना काढून घेतात. मी मेतकुटाची बाटली नेते. जेवणघरात साधा भात मिळतोच, लोणी मिळतं, वर मेतकूट. सासरे ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांचं रात्रीचं जेवण तेच. आणि एक, दारात ठेवलेल्या सॅनिटायझरवर विसंबू नका. बोटीवर पोटाचा जो विषाणू पसरतो तो त्याने नीट मरत नाही. साबण आणि पाणी, नीट वीस सेकंद.

परत आलो तर स्वयंपाकघरात पाणीच पाणी. बाहेरच्या भिंतीतला पाइप गोठून फुटला होता. गोठताना पाणी फुगतं, पाइप तडकतो, पण गळती सुरू होते ती बर्फ वितळल्यावर. तळघरातला मुख्य वॉल बंद केला, प्लंबर आला. थंड प्रदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना कळकळीने सांगते, बिल वाचवायला हीटिंग बंद करून जाऊ नका. ५५ फॅरेनहाइटवर, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसवर ठेवा, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा आणि मुख्य वॉल बंद करून नळ सोडून पाइप रिकामे करा.

पाणी बंद, मग शेजारणीने पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. एका बाटलीच्या पाण्यात मऊभात केला. तोच मेतकूट-तूप.

---

गिरणाकाठ (जळगाव)

मावशी, मेतकूट घरी करता का? इथे विकतचं मिळतं त्यात डाळ्याचं पीठच जास्त लागतं.

---

जर्सीची_मावशी (न्यू जर्सी)

घरीच. चण्याची डाळ जास्त, तिच्या निम्मी उडदाची डाळ, तांदूळ आणि गहू मूठ-मूठ, मेथ्या चमचाभर, जिरे, धणे, सुंठ, हळद, हिंग. प्रत्येक जिन्नस वेगळा, कोरडा, मंद आचेवर भाजायचा. एकत्र भाजलं तर मेथी जळते आणि डाळ कच्ची राहते. पूर्ण गार झाल्यावर दळायचं, नाहीतर वाफ धरून गुठळ्या होतात.

---

येसरआमटी (लातूर)

दमून आलेल्यांसाठी आमच्या मराठवाड्यात येसर असतो. धान्यं, डाळी आणि गरम मसाला भाजून दळलेलं पीठ, लग्नघरी मोठ्या प्रमाणात करतात. लसणाची फोडणी, पाणी, उकळी आली की पाण्यात कालवलेला येसर, मीठ, गूळ-चिंच आवडीप्रमाणे. दहा मिनिटांत आमटी. त्यात बाजरीची भाकरी चुरून खायची. बाहेरगावी शिकणाऱ्या प्रत्येक पोराच्या ट्रंकेत आमच्याकडे येसराचा डबा जातोच.

माझ्या घरात रव्याला जाळी धरली होती आणि तांदळात टोके. रवा टाकला. पुढच्या वेळी निघताना रवा कोरडा भाजून डब्यात भरा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा (एमसीबी सांभाळा!). तांदळाला एरंडेलाचा हात लावायचा. टोके झाले तर तांदूळ कडक उन्हात टाकू नका, तुकडा पडतो. सावलीत पसरून चाळा, किडे आपोआप निघून जातात.

---

वऱ्हाडी_वांगं (नागपूर)

कुळथाची_पिठी ताई, आईने तुमची पोस्ट मला मोठ्याने वाचायला लावली. तिला पिठी करून बघायची आहे. इथे कुळीथ मिळतो, पीठ मिळत नाही. घरी कसं करायचं? आणि आमसूल नसेल तर टोमॅटो चालेल का?

---

कुळथाची_पिठी (डोंबिवली)

आईंना नमस्कार सांगा. कुळीथ निवडून खडे काढा, त्यात बारीक खडा हटकून असतो. लोखंडी कढईत मंद आचेवर भाजा, रंग गडद होतो आणि दाणे तडतडायला लागले की उतरवा. गार झाल्यावर जात्यावर किंवा मिक्सरच्या एका फेरीत नुसते भरडा, पाखडून सालं उडवा, मग बारीक दळा. सालं राहिली तर पिठी कडवट लागते. टोमॅटो नको, पिठी वेगळीच लागेल. चिंचेचा पातळ कोळ चालेल. आणि आमसुलं मी तुम्हाला कुरिअरने पाठवते, पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या. आबांकडची आहेत, देवगडची, यंदाची.